ठीक दिसल्याची शेवटची वेळ

“हे कोणाला कळंल, सांग बरं मला,” नाना म्हणाले आणि तृप्तीनं रुग्णांसाठी लिहिलेला माहितीचा कागद लांब धरून पुन्हा वाचू लागले. “‘मेंदूतील पेशींचे संरक्षण करणाऱ्या औषधाच्या परिणामकारकतेचा अभ्यास.’ बागवाल्या सोमनाथला दे हे वाचायला. तो विचारंल, कोणत्या कंपनीचं हाय अन् एकराला किती टाकायचं?”

तृप्तीला हसू आलं. रविवार होता. निफाडच्या अलीकडच्या त्या गावात जानेवारीचं ऊन आता कुठे अंगाला लागत होतं. अंगणात पोत्यावर औषध फवारायच्या एका ब्लोअरचा पंप खोलून मांडला होता. पहाटेपासून धुकं होतं, आणि धुकं पडलं की द्राक्षबागांमध्ये फवारण्यांची घाई उडते. घाईत ब्लोअर बिघडतात, आणि बिघडले की लोकांना रंगनाथ मिस्त्री, म्हणजे नाना, आठवतात. चाळीस वर्षं हे असंच चाललं होतं. इंजिनांच्या आवाजानं नानांचा डावा कान गेला होता. उजवा ते सवडीनुसार वापरत.

“मग तुम्हीच सांगा सोपं करून.”

“आधी मला तं कळू दे. वारं गेलं, तुमचा तो पक्षाघात, म्हणजे काय, मेंदूतली रक्ताची नळी चोंदली. बरोबर?”

“बरोबर.”

“म्हणजे इंजिनाचं पाणी बंद. इंजिन तापलं. नळी मोकळी करायला तुमच्याकडं एक इंजेक्शन हाय. पण ते देईस्तोवर पिस्टन चिकटून गेला तं पाणी येऊन काय उपयोग? तं हे तुमचं नवं औषध पिस्टन चिकटू देत नाय.”

तृप्ती त्यांच्याकडे बघत राहिली. नाशिकच्या ज्या खासगी रुग्णालयात ती काम करत होती, तिथं हे औषध येऊन दीड वर्ष झालं होतं. या दीड वर्षात इतक्या थोडक्यात ते कुणीच सांगितलं नव्हतं.

“देत नाही की नाही, तेच बघायचंय. म्हणून तर अभ्यास,” ती म्हणाली. “निम्म्या लोकांना औषध देतात, निम्म्यांना नुसतं सलाइन. कुणाला काय मिळालं, ते डॉक्टरांनाही माहीत नसतं.”

“अन् तुला?”

“मलाही नाही.”

“मग तू करते काय तिथं दिवसभर?”

“मी वेळ लिहिते.”

नाना मोठ्यानं हसले. “अगं सगुणा, ऐकलं का? सोळा वर्षं शिकवली, अन् पोरगी घड्याळ बघायचा पगार घेती!”

“बापावर गेली,” आई आतून म्हणाली. “तुम्ही तं नुसते वायसर बदलायचे पैसे घेता. उठा आता, भाकरी गार व्हत्यात.”

पण तृप्तीचं काम खरंच तेवढंच होतं, आणि ते सोपं नव्हतं. नळीतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. अभ्यासातलं औषध सहा तासांच्या आत. हे तास मोजायचे ते रुग्ण कोसळला तेव्हापासून नाही, तर तो शेवटचा ठीक दिसला तेव्हापासून. लोक कोसळल्याची वेळ सांगतात. त्याआधी कुणी त्याच्याबरोबर चहा घेतला, कुणाशी तो फोनवर बोलला, बोलणं स्वच्छ होतं का, हे खोदून काढावं लागतं. तृप्ती ते खोदून काढायची. एकदा तिनं दूधवाल्याला शोधून फोन केला होता आणि त्याच्या एका वाक्यावरून तीन तासांचा हिशेब बदलला होता. त्या दिवशी तिच्या वरिष्ठ डॉक्टर, धारणकर मॅडम म्हणाल्या होत्या, “औषध चुकलं तर उतारा शोधता येतो, वेळ चुकली तर नाही.”

जेवताना नाना म्हणाले, “‘वाचा जाणे’ लिहू नको. ‘जीभ जड पडणे’ लिही. म्हणजे कळंल.”

तिनं तिथंच ताटावर बसून कागदावर दुरुस्ती केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी ती नाशिकमध्ये द्वारकेच्या सिग्नलला उभी होती. मुंबईहून अभ्यासाची तपासणी करायला दोन माणसं येणार होती, आणि अठरा फायलींपैकी दोन अजून अपुऱ्या होत्या. हेल्मेटच्या आत खोचलेला फोन वाजला.

“तृप्ती…” नानांचा आवाज लांबून आल्यासारखा होता, घास तोंडात असताना बोलावं तसा. “सोमनाथच्या बागेत हाय. फवारा बाधला वाटतं. जीभ… जड लागती.”

मागून एक रिक्षा हॉर्नवर हात ठेवूनच उभी होती. कालच तिनं स्वतःच्या हातानं लिहिलेले ते शब्द तिच्या डोळ्यांपुढून सरकले. अगदी एक क्षण. पण फवारणीच्या दिवसांत गावात रोज कुणाला ना कुणाला फवारा बाधायचा. डोकं गरगरायचं, जीभ जडवायची, हात बधिर व्हायचे. लिंबूपाणी घेऊन माणसं तासभर सावलीत पडायची आणि पुन्हा बागेत जायची. तिच्या लहानपणापासून हे असंच होतं. नानांनाच तीनदा-चारदा झालं होतं.

“लिंबूपाणी घ्या नाना, आणि घरी जाऊन सावलीत पडा जरा,” ती म्हणाली. “आज मुंबईची माणसं येणारेत माझ्याकडे. दुपारी करते फोन.”

“बरं,” नाना म्हणाले.

सिग्नल सुटला.

अकरा वीसला आईचा फोन आला. मुंबईच्या पाहुण्यांपुढे सहावी फाइल उघडी होती.

“तृप्ते, नानाचा हात लुळा पडला गं. तोंड वाकडं झालं. बोलतच नाय.”

“किती वाजता?” ती म्हणाली. दुसरं काही म्हणायच्या आधी तिच्या तोंडून तेच आलं.

“मला काय ठावं! साडेधाला घरी आले. लिंबूपाणी कर म्हणे, म्हटलं फवारा बाधला असंल. पडले. मी धुणं वाळत घालून आले अन् बघते तं…”

“थेट नाशिकला आणा. मधे कुठल्या दवाखान्यात थांबू नका. सोमनाथदादाची गाडी घ्या.”

सोमनाथच्या पिकअपमधले रिकामे क्रेट रस्त्यावरच उतरवून त्यांनी नानांना मागं झोपवलं. चांदोरी, मग सायखेड्याचा फाटा. तिथं उसाची बैलगाडी आडवी झाली होती, त्यात पाव तास गेला. आडगाव नाक्यावरून सोमनाथनं फोन केला तेव्हा तृप्ती रुग्णालयाच्या उतारावर येऊन उभी होती. स्ट्रेचर तयार होतं, सीटी स्कॅनचं टेबल रिकामं ठेवलं होतं. हे सगळं तिनं इतरांच्या बापांसाठी अनेकदा केलं होतं.

गाडी आली तेव्हा बारा पन्नास झाले होते.

फोन आला त्या वेळेपासूनच धरलं तरी आठ दहा ते बारा पन्नास. चार तास चाळीस मिनिटं. साडेचारच्या वर दहा मिनिटं.

नानांचे डोळे उघडे होते. उजवा हात स्ट्रेचरच्या कडेवरून खाली लोंबत होता, आणि त्याच्या नखांत काळं वंगण होतं. तिनं तो उचलून त्यांच्या छातीवर ठेवला. तो घसरून पुन्हा खाली आला.

नातेवाईक म्हणून तिला कागदाला हात लावता येत नव्हता. तिच्या हाताखालच्या रोहितनं फाइल घेतली. सीटीच्या दारात धारणकर मॅडमनी आईला थांबवलं.

“आजी, यांना ठीक असं शेवटचं कधी पाहिलंत?”

“साडेधाला. चालत आले की घरी. आपल्या पायानं.”

“बोलले?”

“तसे ते बोलायचेच कमी. लिंबूपाणी म्हटले, अन् पडले.”

“दहा-तीस,” मॅडम रोहितला म्हणाल्या. मग त्यांची नजर तृप्तीकडे वळली. “तुझं सकाळी बोलणं झालं होतं?”

तृप्तीला समोरचं भिंतीवरचं घड्याळ दिसत होतं. मागच्याच महिन्यात सिन्नरकडचा एक शिक्षक पंधरा मिनिटांनी उशिरा पोहोचला होता आणि मॅडमनी इंजेक्शन दिलं नव्हतं. उशिरानं दिलं तर मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती वाढते, असं त्यांनी त्याच्या बायकोला शांतपणे समजावलं होतं. त्या बायकोला पाणी तृप्तीनंच आणून दिलं होतं.

“झालं होतं,” ती म्हणाली.

“ठीक होते?”

मधल्या वेळात ते पूर्ण बरे झाले असतील. तसं होतं कधीकधी. जीभ मोकळी होते, हात चालू लागतो, आणि मग पुन्हा झटका येतो. तसं असेल तर घड्याळ नव्यानं सुरू होतं. नियमावलीत तसं लिहिलं आहे, पानसुद्धा तिला पाठ होतं. दहा-तीस खरं असू शकतं.

“नेहमीसारखेच होते,” ती म्हणाली.

एक वाजून अठरा मिनिटांनी इंजेक्शन सुरू झालं. आधी थोडं सिरिंजनं, उरलेलं तासाभरात पंपातून. पंपाच्या छोट्या पडद्यावर उरलेली मिनिटं दिसत होती. तृप्ती काचेबाहेर उभी राहून ते आकडे वाचत होती.

गाडी लावून सोमनाथ वर आला. त्याच्या शर्टावर फवाऱ्याचे निळसर शिंतोडे होते.

“कसंय मिस्त्रींचं?”

“इंजेक्शन चालू केलंय.”

“मला वाटलंच व्हतं गं,” तो बाकावर टेकत म्हणाला. “सकाळपासून हातात पाना धरवंना त्यांना. दोनदा पडला. मी म्हटलं, मिस्त्री, म्हातारे झाले तुम्ही. तं हसले, पण तोंड एकाच अंगानं हसलं. म्हटलं फवारा बाधला. घरी जा म्हटलं तं ऐकंनात. नोझल बसवूनच जातो म्हणे, नायतर तुही फवारणी बुडंल.”

“मधे बरं वाटलं होतं का त्यांना? थोडा वेळ तरी?”

“नाय गं. वाढतच गेलं ते.”

तिनं काचेतून आत पाहिलं. पडद्यावर एक्केचाळीस मिनिटं उरली होती. आत जाऊन दोन शब्द बोलायचे, की मॅडम पंप बंद करतील. दार तिच्यापासून चार पावलांवर होतं. ती उठली, दारापर्यंत गेली, मुठीवर हात ठेवला.

आत मॅडम नानांच्या उशाशी वाकल्या होत्या. त्यांनी नानांच्या तळहातात आपली दोन बोटं दिली आणि काही म्हणाल्या. उजव्या हाताची बोटं हलली. अगदी थोडी, पण मिटली. मॅडमनी मान वर करून काचेतून तृप्तीकडे पाहिलं आणि अंगठा उंचावला.

आई मागून येऊन तिच्या खांद्याला लागून उभी राहिली. “हलली ना गं? बोटं हलली ना?”

“हो,” तृप्ती म्हणाली आणि मुठीवरचा हात काढला.

दोन वाजता रोहित अभ्यासाचे कागद घेऊन आला. सहा तासांच्या हिशेबानं साडेचारपर्यंत वेळ आहे, तो म्हणाला. खरा हिशेब फार तर दोन वाजून दहा मिनिटांपर्यंतचा होता. त्यानं आईला शेजारी बसवून माहितीपत्रक वाचून दाखवलं. ते तृप्तीनंच लिहिलेलं होतं. आईनं मान हलवत सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजी खरं औषध मिळंल का पाणी, ते नशिबावर?”

“तसंच समजा आजी. पण गुठळीचं इंजेक्शन दिलंय ते खरंच आहे. नको असेल तर नाही म्हणा, उपचारात फरक पडणार नाही.”

आईनं तृप्तीकडे पाहिलं. “तू काय म्हणती?”

“तुला वाटेल तसं कर,” तृप्ती म्हणाली. दवाखान्याच्या बाबतीत आईला तिनं असं उत्तर आजवर कधी दिलं नव्हतं.

“माझ्या पोरीचं काम हाय, तं नाय कशाला म्हणू,” आई रोहितला म्हणाली आणि एकेक अक्षर जुळवत सही केली. दोन पस्तीसला दुसरी बाटली लागली. नाना अठरा जणांनंतरचे एकोणिसावे झाले.

पाचच्या सुमारास नानांनी डावा हात कपाळाला लावला. मग उलटी झाली. मग डोळे एका बाजूला ओढले गेले. पुन्हा काढलेल्या सीटीत मेंदूच्या डाव्या भागात पांढरा डाग पसरला होता. हा डाग कशाचा, हे तृप्तीला कुणी सांगायची गरज नव्हती. मॅडमनी तरी तिला बसवून सांगितलं. वेळेत दिलं तरी शंभरात सहा-सात जणांना असा रक्तस्राव होतो, त्या म्हणाल्या. आपला दोष नाही.

नाना बुधवारी दुपारी गेले.

त्यानंतरचे दिवस घरात माणसांचे होते. निफाड, पिंपळगाव, दिंडोरीकडून ज्यांचे ज्यांचे ब्लोअर नानांनी कधी दुरुस्त केले होते, ते येऊन ओसरीवर बसत आणि त्या त्या बिघाडाची गोष्ट सांगत. बायका आत आईजवळ बसत. आई प्रत्येकीला तेच सांगे, पहिल्यापासून.

“साडेधाला आले. मी मेलीनं लिंबूपाणी केलं. नीट तोंडाकडं बघितलंसुद्धा नाय. म्हटलं पडू द्या, अन् धुणं वाळत घालायला गेले. त्या धुण्यानं अर्धा तास खाल्ला. पोरगी दवाखान्यात याच कामाला, लोकायचे जीव वाचवती, अन् तिच्या आईला कळलं नाय.”

“तुला काय ठावं बाई,” बायका म्हणत.

“ठावं पाहिजे व्हतं. मीच घालवला त्यांना.”

तृप्ती चहाचे कप गोळा करत हे ऐकायची. कप विसळायची, पुन्हा मांडायची. एकदा तिनं आईला म्हटलं, असं बोलू नकोस. आई म्हणाली, “मग कोणाचं नाव घेऊ?” त्यावर तृप्ती बाहेर निघून गेली. आठव्या दिवसापासून आईनं जेवण अर्ध्यावर आणलं. धुणं वाळत घालायला ती अंगणात जाईना. शेजारच्या साळूबाई येऊन दोरीवर टाकून जायच्या.

तेरावा झाल्यावर चार दिवसांनी धारणकर मॅडमचा फोन आला. अभ्यासातला रुग्ण दगावला की सविस्तर अहवाल जातो, आणि त्या दिवसाचा क्रम घरच्या माणसाकडून पुन्हा एकदा विचारून घ्यावा लागतो. “आईंना जमेल का यायला? नाही तर मी येते गावी.”

“मीच येते,” आई म्हणाली. “विचारू द्या त्यांना. मी सांगते सगळं.”

मॅडमच्या खोलीत आई खुर्चीच्या कडेवर बसली. रोहितनं फाइल उघडली. तृप्ती दाराशी उभी होती. कागदाला हात लावायची तिला अजूनही परवानगी नव्हती.

“आजी, घाई नाही,” मॅडम म्हणाल्या. “सकाळपासून सांगा.”

“सकाळचं काय सांगू बाई. साडेधाला आले. माझंच चुकलं. लिंबूपाणी दिलं अन् निजवलं. तुमच्या कागदावर तसंच लिहा, बायकोनं वेळ घालवला.”

“असं कुणी लिहीत नाही, आजी.”

“लिहा. खरं ते लिहायचं ना?” आईनं पदर तोंडाला लावला नाही की डोळ्याला लावला नाही. मांडीवरच्या पिशवीचे बंद ती एकावर एक गुंडाळत होती. “म्हंजी पुढच्या बाईला तरी कळंल, लिंबूपाणी देऊ नको म्हणून.”

रोहितनं पेन उचललं. मॅडमनी मान हलवून त्याला थांबवलं. बाहेर कुणाचं तरी स्ट्रेचर गेलं, त्याची चाकं फरशीच्या सांध्यांवर वाजत गेली.

“रोहित,” तृप्ती म्हणाली, “दहा-तीसवर रेघ मार.”

त्यानं वर पाहिलं.

“नोंद खोडायची नसते. एक रेघ मार, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी ‘आठ-दहाच्या आधी’ असं लिही. कुणी सांगितलं त्या रकान्यात माझं नाव घाल. मोबाइलवर फोनची नोंद आहे, ती जोड.”

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “तृप्ती, त्या दिवशी मी तुला विचारलं होतं.”

“हो. मी खोटं बोलले. पंप चालू असताना मला सोमनाथदादानं सांगितलं, सकाळपासून वाढतच गेलं म्हणून. एक्केचाळीस मिनिटं उरली होती. तेव्हाही मी आत आले नाही.”

रोहितनं पट्टी घेतली आणि सावकाश एक सरळ रेघ ओढली.

आई दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होती. “काय झालं गं? मला सांग ना. काय आठ-दहा?”

तृप्ती तिच्यासमोर येऊन खाली फरशीवर बसली. आईच्या बोटांभोवती पिशवीचा बंद घट्ट बसला होता, तो तिनं सोडवला.

“आई, लिंबूपाणी तू तुझ्या मनानं नाही दिलंस. नानांनी मागितलं. आणि नानांना ते मी सांगितलं होतं. आठ वाजून दहा मिनिटांनी त्यांचा मला फोन आला. त्यांना बोलता येत नव्हतं नीट. मला कळलं, आई. तेव्हाच कळलं होतं. आणि मी त्यांना म्हटलं, घरी जाऊन सावलीत पडा.”